फर्नांडो हिएरो: बचावपटू ते चार सामन्यांचा हंगामी प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ च्या विश्वचषकाच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "स्पेनचा तो प्रशिक्षक कोण होता हो, दोन दिवस आधी आलेला?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त तेच चार सामने आठवत असतात. त्याआधीची तीस वर्षं माहीत नसतील तर त्या चार सामन्यांचा अर्थ लागत नाही, म्हणून हे सगळे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

फर्नांडो हिएरो म्हणजे नक्की कोण?

स्पेनचा आणि रेआल माद्रिदचा माजी कर्णधार. जन्म २३ मार्च १९६८, वेलेझ-मलागा, आंदालुसिया. मुख्यतः सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधोमध खेळणारा), पण बरीच वर्षं मधल्या फळीतही खेळला. स्पेनसाठी ८९ सामने आणि २९ गोल. पुढे स्पॅनिश फुटबॉल महासंघाचा क्रीडा संचालक, आणि जून २०१८ मध्ये रशियातल्या विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघाचा हंगामी प्रशिक्षक.

नावाचा उच्चार हिएरो की येरो?

स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथले लोक 'येर्रो' म्हणतात आणि 'र' वर चांगला जोर देतात. मराठीत 'हिएरो' रुळलेलं आहे, इथेही तेच ठेवलं आहे. शब्दाचा अर्थ लोखंड. त्याचा खेळ पाहिलेल्या कुणालाही हे नाव पटेल.

सुरुवात कुठे झाली?

घरातच. अंतोनियो आणि मानोलो हे त्याचे दोन्ही मोठे भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू होते. मानोलो वायादोलिदकडून खेळायचा आणि फर्नांडोही त्याच क्लबमध्ये गेला. १९८७ मध्ये त्याने पहिल्या श्रेणीत पदार्पण केलं, दोन मोसम तिथे काढले आणि १९८९ मध्ये रेआल माद्रिदने त्याला घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलंडविरुद्ध ला कोरुन्यात तो स्पेनसाठी पहिल्यांदा उतरला. वय २१.

बचावपटू असून एवढे गोल कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा. रेआल माद्रिदसाठी ला लीगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीत, ४३९ सामने आणि १०२ गोल! आघाडीचे कितीतरी खेळाडू एवढ्यावर समाधानाने निवृत्त होतात.

एक कारण सरळ आहे: पेनल्टी आणि फ्री किक तो घ्यायचा. कॉर्नरच्या वेळी तो पुढे आला की समोरच्या संघाची दोन माणसं त्याच्याच मागे लागायची. पण मुख्य कारण वेगळं आहे. माद्रिदचे प्रशिक्षक रादोमिर अँतिच यांनी त्याच्या पायातली ताकद आणि लांब पासची नजर हेरली आणि त्याला मधल्या फळीत पुढे आणलं. १९९१-९२ च्या मोसमात त्याने एकट्या लीगमध्ये २१ गोल केले.

त्या मोसमाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे २०१८ चा विषय आला की ती पुन्हा आठवणार आहे. संघ गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना जानेवारी १९९२ मध्ये क्लबने अँतिच यांना काढलं आणि लिओ बेनहाकर यांच्याकडे संघ दिला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी तेनेरिफेत माद्रिदला फक्त जिंकायचं होतं. आठव्या मिनिटाला हिएरोने गोल केला, मग संघातल्याच गेओर्गे हाजीने दुसरा. २-० अशा आघाडीवरून माद्रिद ३-२ असं हरलं आणि लीग बार्सिलोनाने नेली. सुरळीत चाललेल्या संघाचा प्रशिक्षक मध्येच बदलला की ड्रेसिंग रूममध्ये काय होतं, हे हिएरोने चोविसाव्या वर्षी आतून पाहिलं होतं.

नंतर तो हळूहळू मागे सरकला आणि सेंटर-बॅक म्हणून स्थिरावला. राष्ट्रीय संघात प्रशिक्षक हाविएर क्लेमेंते त्याला बरेचदा बचावफळीच्या जरा पुढे उभं करायचे. जिथे भोक पडेल तिथे हिएरो, असाच सगळा प्रकार होता.

रेआल माद्रिदबरोबर त्याने काय काय जिंकलं?

चौदा मोसमांत पाच ला लीगा, एक कोपा देल रे आणि तीन चॅम्पियन्स लीग: १९९८, २०००, २००२. यातला १९९८ चा चषक माद्रिदकरांच्या सगळ्यात जवळचा. १९६६ नंतर तब्बल ३२ वर्षं हा चषक घरी आला नव्हता. ॲमस्टरडॅममध्ये समोर युव्हेंटस होता, झिदान आणि देल पिएरोचा. हिएरो आणि सांचिस ही जोडी मागे भिंतीसारखी उभी राहिली आणि मियातोविचच्या एकुलत्या एका गोलवर सामना निघाला. २००२ मध्ये ग्लासगोला झिदानच्या त्या प्रसिद्ध व्हॉलीनंतर चषक उचलणारा कर्णधार हिएरोच होता.

मग माद्रिद सोडलं का?

सोडलं नाही, त्याला निरोप देण्यात आला. २२ जून २००३ ला माद्रिदने लीग जिंकली. जल्लोषाचा आवाज विरायच्या आत क्लबने जाहीर केलं की प्रशिक्षक व्हिसेंते डेल बोस्के आणि कर्णधार हिएरो या दोघांचेही करार वाढवले जाणार नाहीत. बेकहॅम येत होता, तारांकित संघाचे दिवस होते. पुढच्या मोसमात माद्रिद चौथं आलं आणि बचावफळी हेच संघाचं दुखणं ठरलं. क्लबची ही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतर तो कुठे खेळला?

एक मोसम कतारमध्ये अल रय्यानकडून, मग २००४-०५ मध्ये इंग्लंडच्या बोल्टन वाँडरर्सकडून. बोल्टनमध्ये सॅम ॲलरडाइस यांनी त्याला बचावफळीच्या पुढे खेळवलं. पाय थकले होते, नजर थकली नव्हती. तो मोकळ्या जागेत चेंडू घ्यायचा, मान वर करायचा आणि चाळीस मीटरवरच्या माणसाच्या पायात आणून ठेवायचा. बोल्टन त्या वर्षी सहावं आलं आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच युएफा कपला पात्र ठरलं. मे २००५ मध्ये तो निवृत्त झाला.

प्रशिक्षक होण्याआधी तो काय करत होता?

बहुतेक काळ टेबलापलीकडे. २००७ ते २०११ तो स्पॅनिश महासंघाचा क्रीडा संचालक होता. याच काळात स्पेनने २००८ ची युरो (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) आणि २०१० चा विश्वचषक जिंकला. २००८ नंतर प्रशिक्षक लुईस आरागोनेस पदावरून गेल्यावर डेल बोस्के यांना त्यांच्या जागी आणण्यात त्याचा मोठा वाटा होता, म्हणजे २००३ मध्ये ज्यांच्याबरोबर त्याला माद्रिदमधून बाहेर पडावं लागलं त्याच माणसाला. मला ही गोष्ट फार आवडते.

मग मलागाचं व्यवस्थापन, २०१४-१५ मध्ये माद्रिदला कार्लो आन्चेलोत्ती यांचा सहायक, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये परत महासंघात क्रीडा संचालक.

मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव किती?

एक मोसम. २०१६-१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या रेआल ओव्हिएदोला त्याने प्रशिक्षण दिलं. संघ आठवा आला, बढतीच्या प्ले-ऑफला थोडक्यात मुकला आणि तो बाजूला झाला. विश्वचषकाला जाताना त्याच्या गाठीशी एवढंच होतं.

१३ जून २०१८ ला नेमकं काय झालं?

थोडं मागून सुरू करू. स्पेनचे प्रशिक्षक युलेन लोपेतेगी होते. त्यांच्या हाताखाली स्पेन २० सामने खेळलं, १४ जिंकले, ६ बरोबरीत, पराभव एकही नाही. मे २०१८ मध्ये महासंघाने त्यांचा करार २०२० पर्यंत वाढवला. संघ रशियात क्रास्नोदारला पोहोचला, सराव सुरू झाला.

१२ जूनला रेआल माद्रिदने जाहीर केलं की विश्वचषकानंतर लोपेतेगी आमचे प्रशिक्षक असतील. महासंघाचे नवे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांना हे घोषणेच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. ते क्रास्नोदारला आले आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की लोपेतेगी यांना पदावरून दूर केलं आहे. विश्वचषकाचं उद्घाटन १४ ला, स्पेनचा पहिला सामना १५ ला, आणि तोही पोर्तुगालशी.

आता अठ्ठेचाळीस तासांत प्रशिक्षक आणायचा कुठून? बाहेरचा माणूस येऊन खेळाडूंची नावं घेईपर्यंत सामना सुरू झाला असता. क्रीडा संचालक म्हणून हिएरो तिथेच, त्याच तळावर होता. खेळाडू त्याला ओळखत होते, कित्येकांच्या लहानपणीचा तो कर्णधार होता. लोपेतेगी तर त्याचे जुने सहकारी, १९९४ च्या विश्वचषकाच्या संघात दोघे एकत्र होते. म्हणजे मित्राची खुर्ची, आणि तीही अशा पद्धतीने रिकामी झालेली. त्याने ट्रॅकसूट चढवला आणि त्याच दिवशी मैदानात सराव घेतला.

रुबियालेस यांचा निर्णय बरोबर होता का, यावर अजूनही वाद होतात. त्यांना राग येणं स्वाभाविक होतं. पण त्या रागाची किंमत २३ खेळाडूंनी मोजली, आणि ती त्यांनी मोजायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे. माद्रिदनेही ती घोषणा महिनाभर थांबवली असती तर आभाळ कोसळलं नसतं.

'हंगामी' प्रशिक्षकाला फारसं काही करता येतं का?

परिस्थितीवर आहे. आपल्याकडचं जवळचं उदाहरण गोव्याचं. २०२० च्या सुरुवातीला इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढलं, संघ तक्त्यात वर असताना आणि साखळीचे तीनच सामने उरलेले असताना. गोव्याचाच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडाने हंगामी प्रशिक्षक म्हणून संघ हातात घेतला, डेरिक परेरा तांत्रिक संचालक म्हणून सोबत होते, आणि एफसी गोवाने साखळीत अव्वल राहून शील्ड पटकावली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचं तिकीटही मिळालं, भारतीय क्लबसाठी ते पहिलंच.

म्हणजे घडी बसलेली असेल तर हंगामी माणूस ती न विस्कटता पुढे नेऊ शकतो. अडचण येते ती सामना अडला की. तेव्हा घडी मोडून नवं काही करावं लागतं, आणि ते करायला लागणारा सराव, वेळ आणि हक्क हंगामी माणसाकडे नसतो.

ते चार सामने कसे झाले?

पोर्तुगाल, सोची, १५ जून. आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेअकराला सुरू झाला आणि संपला तेव्हा झोप कुणाला येत होती! चौथ्याच मिनिटाला नाचोच्या चुकीवर पेनल्टी, रोनाल्डोचा गोल. दिएगो कोस्टाने बरोबरी केली, मध्यंतराच्या तोंडावर गोलरक्षक दे हेयाच्या हातातून चेंडू निसटला आणि रोनाल्डोचा दुसरा. कोस्टाने पुन्हा बरोबरी साधली आणि तीनच मिनिटांनी त्याच नाचोने पेनल्टी-पेटीबाहेरून असा फटका मारला की चेंडू खांबाला चाटून आत गेला. ८८ व्या मिनिटाला रोनाल्डोची फ्री किक, ३-३. दोन दिवसांपूर्वी प्रशिक्षक गमावलेला संघ दोनदा मागे पडून पुढे आला, हे विसरू नका. मला त्या रात्री वाटलं होतं की हे लांब जाणार.

इराण, कझान, २० जून. १-०. कोस्टाचा गोल, तोही बचावपटूच्या पायाला लागून गेलेला. इराणचा एक गोल ऑफसाइडमुळे रद्द. जिंकले, एवढंच.

मोरोक्को, कालिनिनग्राद, २५ जून. रामोस आणि इनिएस्टा यांच्यात 'तू घे, तू घे' झालं आणि मोरोक्कोचा बुतैब चेंडू घेऊन पळाला, गोल. इस्कोने बरोबरी केली, ८१ व्या मिनिटाला मोरोक्को पुन्हा पुढे. भरपाई वेळेत इयागो अस्पासने टाचेने चेंडू वळवला, आधी ऑफसाइड, मग व्हिडिओ तपासून गोल. २-२. त्याच वेळी दुसऱ्या सामन्यात इराणने पोर्तुगालला बरोबरीत रोखलं. स्पेन आणि पोर्तुगाल दोघांचे ५ गुण आणि गोलफरकही सारखाच, पण स्पेनचे गोल ६ आणि पोर्तुगालचे ५, म्हणून स्पेन गटात पहिलं.

रशिया, मॉस्को, १ जुलै. याला स्वतंत्र उत्तर हवं.

रशियाविरुद्ध चूक हिएरोची होती का?

काही प्रमाणात, हो. मी त्याचा चाहता असलो तरी हे मान्य करायला हवं.

त्याने इनिएस्टाला सुरुवातीला बाकावर बसवलं. रशियाने पाच बचावपटू मागे उभे केले होते. बाराव्या मिनिटाला इग्नाशेविचच्या स्वयंगोलने स्पेन पुढे गेलं आणि तिथेच संघ जणू समाधान मानून बसला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पास, पास, पास. दोन तासांत हजारावर पास झाले. पण रशियाच्या गोलरक्षक अकिनफेएवला घाम फुटावा असे फटके हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. ४१ व्या मिनिटाला पाठमोऱ्या पिकेच्या उंचावलेल्या हाताला चेंडू लागला, झ्युबाने पेनल्टी मारली, १-१. इनिएस्टा आला तोवर ६७ वं मिनिट उजाडलं होतं. आल्यावर खेळात जीव आला, हे कुणालाही दिसत होतं. जादा वेळेत रॉद्रिगो उतरला आणि तो पळायला लागल्यावर रशियाची फळी पहिल्यांदा हलली. हे बदल लवकर व्हायला हवे होते.

शूटआऊटमध्ये कोकेचा फटका अडवला गेला. शेवटी अस्पास आला. अकिनफेएव उजवीकडे झेपावला होता, चेंडू मधोमध गेला, आणि हवेत तरंगणाऱ्या त्याच्या डाव्या पायाला लागून उडाला. ४-३, रशिया पुढे. इनिएस्टाचा स्पेनसाठीचा तो शेवटचा सामना ठरला.

पण पूर्ण दोष? नाही. तो खेळ, ती रचना, तो पासांचा नाद हिएरोने आणलेला नव्हता. त्याला तो वारशात मिळाला आणि मोडायला अठरा दिवस होते, त्यातले निम्मे प्रवासात. आकडेवारी पाहिली तर एक विजय आणि तीन बरोबऱ्या, कारण शूटआऊट बरोबरीत धरतात. म्हणजे कागदावर तो अपराजित प्रशिक्षक आहे.

यजमानांकडून पेनल्टीवर हरण्याची ही पहिलीच वेळ होती का?

नाही, आणि हिएरोच्या बाबतीत हे फार जिव्हारी लागणारं आहे. २२ जून १९९६, युरोची उपांत्यपूर्व फेरी, वेम्बली, समोर यजमान इंग्लंड. ०-० नंतर स्पेनची पहिली पेनल्टी हिएरोची. चेंडू आडव्या खांबावर आदळला. स्पेन बाहेर.

२२ जून २००२, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, ग्वांगजू, समोर यजमान दक्षिण कोरिया. स्पेनचे दोन गोल रद्द झाले, त्यांवर स्पेनमध्ये आजही बोललं जातं. शूटआऊटमध्ये कर्णधार हिएरोने पहिली पेनल्टी बिनचूक मारली. होआकिनची अडवली गेली. स्पेन बाहेर. हिएरोचा देशासाठीचा शेवटचा सामना तोच.

आणि तिसरी वेळ मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर, २०१८ मध्ये. या वेळी मारायला पाय नव्हते, फक्त रेषेबाहेर उभं राहून पाहायचं होतं.

स्पर्धेनंतर त्याने काय केलं?

८ जुलै २०१८ ला महासंघाने कळवलं की हिएरो प्रशिक्षक राहणार नाही आणि क्रीडा संचालकाच्या जुन्या पदावरही परतणार नाही. ते पद त्याच्यासाठी खुलं होतं. त्याने नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी लुईस एन्रिके यांची नेमणूक झाली. लोपेतेगी यांचंही माद्रिदला फार दिवस टिकलं नाही. बार्सिलोनाकडून ५-१ अशी हार झाल्यावर ऑक्टोबर अखेरीस त्यांना काढलं, आणि त्यांच्या जागी सोलारी हंगामी प्रशिक्षक म्हणून आला.

हिएरो पुन्हा कधी प्रशिक्षक म्हणून डगआऊटमध्ये दिसला नाही. २०२२ मध्ये मेक्सिकोच्या चिवास ग्वादालाहाराचा क्रीडा संचालक, मग २०२४ मध्ये सौदी अरेबियात अल नस्रमध्ये तेच काम. सोचीत त्याच्या संघाला तीन गोल मारणारा रोनाल्डो अल नस्रचाच खेळाडू.

त्याचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहू?

१७ नोव्हेंबर १९९३, सेव्हिया, स्पेन विरुद्ध डेन्मार्क.

डेन्मार्क युरोपचा विजेता होता. त्यांना १९९४ च्या विश्वचषकासाठी बरोबरी पुरत होती, स्पेनला खात्रीने पात्र ठरायला विजय हवा होता. दहाव्याच मिनिटाला गोलरक्षक सुबिसारेताला लाल कार्ड. दहा माणसं आणि गोलमध्ये पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणारा कान्यिसारेस. जवळपास ऐंशी मिनिटं काढायची होती, आणि गोलही करायचा होता.

६३ व्या मिनिटाला स्पेनला कॉर्नर मिळतो. हिएरो मागून चालत येतो, घाई नाही. बाकेरो पीटर श्मायकेलच्या अंगाजवळ जाऊन उभा राहतो. चेंडू उंच येतो, श्मायकेल बाहेर यायला बघतो आणि बाकेरोला अडखळतो. तेवढ्यात गर्दीच्या वर एक माणूस उठलेला दिसतो. मानेचा एकच झटका, जाळं हलतं, आणि श्मायकेल हात वर करून पंचांकडे धावत असताना हिएरो आधीच उलट्या दिशेने पळत सुटलेला असतो.